एकच कुंडी, एकच झाड, तरीही १० वर्षांपर्यंत शिक्षा? घरगुती गांजा लागवडीचा कायदा समजून घ्या

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला राहत्या घरी गांजाची तीन झाडे लावता येतात. कॅनडात २०१८ पासून बहुतेक ठिकाणी घरटी चार झाडांना परवानगी आहे. साहजिकच तिथल्या बाल्कनीतले, तंबूतले आणि कुंड्यांमधले व्हिडिओ भरपूर तयार होतात. बी कसे भिजवायचे, माती कोणती घ्यायची, दिवा किती तास लावायचा, सगळे तपशीलवार सांगितलेले असते. हेच व्हिडिओ पुण्यात, नाशिकमध्ये, कोल्हापुरातही पाहिले जातात. ते पाहून अनेकांच्या मनात एक प्रश्न येतो : विकायचे नाही, कुणाला द्यायचे नाही, एखादी कुंडी गच्चीवर ठेवली तर काय बिघडले?

याचे थोडक्यात उत्तर असे की, भारतात एका झाडासाठीही १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे, खिशात थोडा गांजा सापडला तर होणारी कमाल शिक्षा यापेक्षा बरीच कमी आहे. असे का, परदेशातल्या ‘तीन झाडांच्या’ परवानगीत अटी कोणत्या आणि तिथे राहणाऱ्या मराठी विद्यार्थी-नोकरदारांनी काय लक्षात ठेवावे, हे पाहू.

भांग, गांजा, चरस : झाड एक, कायद्यात वेगवेगळे

तिन्ही गोष्टी कॅनबिस याच वनस्पतीपासून मिळतात. पाने वाटून केली जाते ती भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. झाडातून वेगळी केलेली राळ म्हणजे चरस. नशा आणणारे टीएचसी हे रसायन सर्वांत जास्त असते ते फुलोऱ्यावरच्या चिकट, सूक्ष्म ग्रंथींमध्ये. बियांमध्ये ते जवळपास नसतेच.

भारताचा १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजेच एनडीपीएस कायदा, हाच फरक मानतो. त्यातल्या गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे येतात. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. भांग या कायद्याच्या बाहेर राहते ती यामुळे. अर्थात महाराष्ट्रात भांगेवर दारूबंदी कायद्याचे वेगळे नियंत्रण आहे, त्यामुळे इथे भांग सर्रास मोकळी आहे असे समजू नये.

गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘पान चालते, बी चालते, मग झाड का चालू नये?’ असा तर्क केला जातो. पण कायद्याने ‘कॅनबिसचे झाड’ याची व्याख्या स्वतंत्र केली आहे. कॅनबिस या प्रजातीसमूहातले कोणतेही झाड त्यात येते. झाड नर आहे की मादी, त्याला फुलोरा आला आहे की नाही, त्यात टीएचसी किती, याने फरक पडत नाही. त्यामुळे ‘मी फक्त भांगेच्या पानांसाठी लावले होते’ हा बचाव लागवडीच्या आरोपात उपयोगी पडत नाही.

बी ते फुलोरा : प्रत्येक टप्प्यावर काय होते?

व्हिडिओत दाखवतात तो प्रवास आणि भारतीय कायदा शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर चित्र स्पष्ट होते.

पहिला टप्पा, बी. ओलावा आणि ऊब मिळाली की काही दिवसांत बी फुटून सोटमूळ बाहेर येते. बी स्वतः अमली पदार्थ नाही. हेम्प जातीच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ अन्न म्हणून विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये परवानगी दिली आहे. मात्र खाण्याची परवानगी म्हणजे पेरण्याची परवानगी नव्हे. एनडीपीएस कायद्यात गुन्ह्याचा प्रयत्न करणे आणि त्याला मदत करणे, या दोन्हींसाठी स्वतंत्र कलमे आहेत. त्यामुळे पेरण्यासाठी म्हणून जाणीवपूर्वक बी पुरवणाराही अडचणीत येऊ शकतो.

दुसरा टप्पा, रोप. बी मातीत गेले, रोप वर आले की कायद्याच्या भाषेत ‘लागवड’ झाली. कलम ८ ने या लागवडीवर बंदी घातली आहे आणि कलम २० (अ) मध्ये तिची शिक्षा आहे : १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. ‘कोणतेही कॅनबिसचे झाड’ असे शब्द कायद्यात आहेत. किती झाडे, किती गुंठे, शेत की कुंडी, असा कोणताही उल्लेख नाही.

तिसरा टप्पा, फुलोरा. या वनस्पतीत पपईप्रमाणे नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नर झाडाचे परागकण वाऱ्याने मादी फुलांवर पडले की झाडाची शक्ती बी धरण्याकडे वळते. म्हणून परदेशातले घरगुती लागवड करणारे नर झाडे काढून टाकतात किंवा केवळ मादी झाडे देणारे बियाणे विकत घेतात. शिवाय शेवंतीप्रमाणे या झाडाच्या बहुतेक वाणांना फुलोरा येण्यासाठी दिवस लहान व्हावा लागतो. खोलीत दिव्याखाली वाढवताना सुरुवातीला १८ तास आणि फुलोऱ्यासाठी १२ तास प्रकाश देण्याची पद्धत त्यातूनच आली आहे.

चौथा टप्पा, काढणी. झाडापासून गांजा वेगळा करणे याला एनडीपीएस कायद्यात ‘उत्पादन’ म्हटले आहे. म्हणजे शेंडा खुडला की लागवडीच्या आरोपाला उत्पादनाचा आणि बाळगण्याचा आरोपही जोडला जाऊ शकतो. दोन्ही कलम २० च्याच पुढच्या भागात आहेत.

कमी प्रमाणाची सवलत लागवडीला का नाही?

गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात शिक्षा वजनावर ठरते. एक किलोपर्यंतचा गांजा हे ‘अल्प प्रमाण’ मानले जाते. त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २० किलोपेक्षा जास्त म्हणजे ‘व्यापारी प्रमाण’. त्यात किमान १० आणि कमाल २० वर्षे शिक्षा आहे. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत.

ही उतरंड २००१ मध्ये कायद्यात आणली गेली, ती किरकोळ सेवन करणारा आणि मोठा व्यापारी यांत फरक करता यावा म्हणून. पण ती बाळगणे, विक्री, वाहतूक, उत्पादन अशा गुन्ह्यांना लागू होते. लागवडीच्या कलमात अल्प, मध्यम, व्यापारी असे भागच नाहीत.

परिणाम असा की, ५० ग्रॅम गांजा खिशात सापडलेल्या व्यक्तीला कमाल एक वर्षाची शिक्षा होऊ शकते, तर वीतभर रोप कुंडीत वाढवणाऱ्याच्या गुन्ह्यात कमाल मर्यादा १० वर्षांची आहे. प्रत्यक्षात किती शिक्षा द्यायची, हा न्यायालयाचा अधिकार आहे आणि किमान शिक्षा इथे ठरवलेली नाही. पण गुन्हा दाखल होताना लागते ते हेच कलम. ‘स्वतःपुरतेच आहे’ हा मुद्दा शिक्षेचे प्रमाण ठरवताना मांडता येईल. त्याने गुन्हा पुसला जात नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना, गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे आणि शेंड्यांशिवायची पाने-बिया त्यात मोडत नाहीत, ही व्याख्या अधोरेखित केली होती. समाजमाध्यमांवर तिचा अर्थ ‘झाड लावले तरी चालते’ असा लावला जातो. तो चुकीचा आहे. तो मुद्दा जप्त मालाचे वजन कसे धरावे याचा होता. लागवडीच्या गुन्ह्यात वजनाचा प्रश्नच येत नाही.

आपोआप उगवले तर?

कॅनबिस हे तणासारखे कुठेही उगवू शकणारे झाड आहे. हिमालयाच्या पायथ्याशी ते रस्त्याकडेला दिसते. मग परसात एखादे रोप आपोआप आले तर मालक गुन्हेगार ठरतो का?

अलखराम विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आरोपीची शिक्षा रद्द केली होती. जमिनीत झाडे सापडली एवढ्यावरून लागवड सिद्ध होत नाही, आरोपीनेच ती लावली आणि जोपासली याचा पुरावा हवा, असा त्या निकालाचा आशय आहे. पण गच्चीवरची कुंडी, खत, दिवा आणि मोबाइलमधली खरेदीची पावती हे सगळे असेल, तर ‘आपोआप उगवले’ म्हणायला जागा उरत नाही.

याच कायद्यातल्या आणखी दोन तरतुदी कमी लोकांना माहीत असतात. आपल्या जमिनीवर अशी बेकायदा लागवड असल्याचे कळूनही ती न कळवणारा जमीनधारक शिक्षेस पात्र ठरतो. सरपंच, पंच आणि गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांनाही अशी माहिती ताबडतोब देणे बंधनकारक आहे. शिवाय घर किंवा खोली या कामासाठी जाणीवपूर्वक वापरू देणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा सांगितली आहे. चार मुले मिळून राहतात त्या फ्लॅटमध्ये एकाने कुंडी ठेवली, तर बाकीच्यांनी ‘ती त्याची होती’ म्हणून निर्धास्त राहण्यासारखी स्थिती नाही.

परसात संशयास्पद रोप दिसले तर ते जोपासू नये, खुडून घरातही ठेवू नये. जवळच्या पोलिस ठाण्याला कळवणे हा सरळ मार्ग आहे.

मग शेतकऱ्यांना परवानगी मिळते ती कशाची?

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, हे त्याचे कारण होते. परवानगी मिळाली नाही, पण अर्जाची राज्यभर चर्चा झाली. ऊस, तूर किंवा कापसाच्या आड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्याही महाराष्ट्रात अधूनमधून येतात. त्यात पकडला जातो तो बहुधा लहान शेतकरी.

कायद्यात एक दरवाजा आहे. कलम १४ नुसार धागा किंवा बी मिळवण्यासाठी, औद्योगिक वा उद्यानविद्येच्या कारणासाठी सरकार लागवडीची परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये या आधारे औद्योगिक हेम्पचे परवाने द्यायला सुरुवात केली. तिथे टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के आहे. औषधी संशोधनासाठी जम्मूतल्या सीएसआयआरच्या संस्थेतही नियंत्रित लागवड होते. हे सगळे परवाना, तपासणी आणि नोंदी यांच्या चौकटीत चालते. घरातल्या कुंडीसाठी असा परवाना मिळण्याची सोय नाही.

जर्मनीतली ‘तीन झाडे’ : परवानगी आहे, पण अटींसह

शिक्षण आणि नोकरीसाठी जर्मनीत जाणाऱ्या मराठी तरुणांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी तिथले नियम नेमके माहीत असणे महत्त्वाचे.

– लागवड करणारा १८ वर्षे पूर्ण झालेला आणि जर्मनीत किमान सहा महिने वास्तव्य असलेला हवा. नुकतेच विमानातून उतरलेल्या विद्यार्थ्याला ही मुभा नाही.

– एका प्रौढाला एका वेळी तीन झाडे. ती राहत्या घरीच हवीत.

– बियाणे युरोपीय संघातल्या देशांमधून मागवता येते. नोंदणीकृत लागवड संघटनांकडूनही ते मिळू शकते.

– झाडे आणि माल मुलांच्या किंवा इतरांच्या हाती लागणार नाही, याची खबरदारी घेणे बंधनकारक आहे.

– घरी पिकवलेला माल दुसऱ्याला विकता येत नाही आणि फुकटही देता येत नाही.

– घरात वाळवलेला गांजा ५० ग्रॅमपर्यंत आणि बाहेर सोबत २५ ग्रॅमपर्यंत बाळगता येतो. घरात ६० ग्रॅमच्या वर गेले की प्रकरण दंडापुरते न राहता फौजदारी गुन्हा होते.

नवशिके फसतात ते या शेवटच्या अटीत. झाडांची संख्या आणि मालाचे वजन या दोन स्वतंत्र मर्यादा आहेत. उघड्यावर नीट वाढलेले एकच झाड ५० ग्रॅमहून जास्त वाळलेला फुलोरा देऊ शकते. तीन झाडे एकाच वेळी काढणीला आली, तर तीन झाडांची परवानगी पाळूनही वजनाची मर्यादा ओलांडली जाते. जास्तीचा माल नष्ट करावा लागतो.

निसर्गही साथ देतोच असे नाही. जर्मनीत मेच्या मध्यापर्यंत रात्रीच्या थंडीने कोवळी रोपे मरू शकतात. ऑगस्टपासून दिवस लहान होऊ लागले की फुलोरा धरतो आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलसर हवेत येते. त्या वेळी दाट फुलोऱ्याला आतून राखाडी बुरशी लागते. खोलीत दिव्याखाली वाढवायचे तर विजेचा हिशेब आहे. १५० वॉटचा दिवा महिनाभर रोज १८ तास आणि पुढे दोन महिने रोज १२ तास लावला, तर फक्त दिव्यालाच सुमारे १८९ युनिट लागतात. पंखा, हवा बाहेर टाकणे आणि वासाचा बंदोबस्त वेगळा.

इतर देशांत काय?

उरुग्वेने २०१३ मध्ये सर्वांत आधी देशपातळीवर कायदा केला. नोंदणी करून घरटी सहा मादी झाडे आणि वर्षाला ४८० ग्रॅमपर्यंत उत्पादन चालते. माल्टाने २०२१ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०२३ मध्ये घरटी चार झाडांना मुभा दिली. कॅनडात चार झाडे व्यक्तीमागे नसून घरामागे आहेत, आणि क्वेबेक प्रांतात घरगुती लागवडीवर बंदी आहे. ती बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरवली.

अमेरिकेत राज्यागणिक चित्र बदलते. कोलोरॅडोत प्रौढांना सहा झाडांपर्यंत परवानगी आहे. मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सीत मात्र प्रौढांसाठी दुकानात गांजा विकत मिळतो, पण घरी झाड लावणे बेकायदाच आहे. त्याहून मोठा मुद्दा व्हिसाधारकांचा. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात गांजा आजही प्रतिबंधित आहे आणि स्थलांतराचे निर्णय संघराज्य कायद्याने होतात. राज्यात कायदेशीर असलेली कृतीही नागरिकत्वाच्या अर्जात अडथळा ठरू शकते, हे तिथल्या नागरिकत्व व स्थलांतर विभागाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

परदेशातून येताना बियाणे किंवा माल सामानात टाकणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पेरणीचे कोणतेही बियाणे भारतात आणायला वनस्पती विलगीकरणाचे नियम लागू होतात. गांजा आणला तर आयातीचा स्वतंत्र गुन्हा लागतो. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानातून ‘हायड्रोपोनिक’ गांजा पकडल्याच्या कारवाया मुंबई विमानतळावर वारंवार होत आहेत.

‘घरचे आहे, म्हणजे सुरक्षित’ हे खरे आहे का?

घरी पिकवलेल्या मालात भेसळ नसते, हा मुद्दा परवानगीच्या बाजूने मांडला जातो. त्यात तथ्य आहे. पण तीव्रता किती, हे घरी मोजता येत नाही. जर्मनीतल्या लागवड संघटनांना १८ ते २१ वयाच्या सदस्यांना १० टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसी असलेला माल देता येत नाही. घरातल्या झाडाला असे लेबल नसते. लहान वयात आणि नियमित सेवन केल्यास स्मरणशक्ती व एकाग्रतेवर परिणाम होतो आणि मनोविकाराचा, विशेषतः सायकोसिसचा, धोका वाढतो. घरात आधीपासून असा आजार असलेल्यांना तो अधिक. गांजाला मुभा देणाऱ्या देशांनीही वयाची अट आणि गाडी चालवण्यावरचे निर्बंध कायम ठेवले आहेत, ते याच कारणांमुळे.

मुख्य मुद्दे

– भारतात बी अमली पदार्थ नाही, पण ते पेरून झाड वाढवणे गुन्हा आहे.

– झाडांच्या संख्येवर सवलत नाही. एका झाडालाही १० वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम लागू होते.

– ‘एक किलोपर्यंत अल्प प्रमाण’ हा नियम लागवडीला लागू नाही.

– घर, गच्ची किंवा शेत जाणीवपूर्वक वापरू देणाराही जबाबदार ठरतो.

– परदेशात झाडांची संख्या, मालाचे वजन, वास्तव्याचा काळ आणि व्हिसा, या चारही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

घरातल्या कुणाला गांजाची सवय लागली असेल, तर केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात पूर्ण उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षणाची तरतूद एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ (अ) मध्ये आहे. लागवडीच्या गुन्ह्याला ते संरक्षणही मिळत नाही. गच्चीवर कुंडी ठेवण्याचा विचार करणाऱ्याने आणि तशी कुंडी मुलाच्या खोलीत दिसलेल्या पालकांनी हा फरक आधी समजून घ्यावा.